खिशात मावणारी महागडी दुर्बीण: एवढे पैसे घालावेत का?

सातपुड्याची_लेक (भुसावळ) | १२ नोव्हेंबर, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. आमचे नाना ६६ वर्षांचे. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून हिवाळ्यात दर रविवारी मित्राच्या गाडीवर मागे बसून हतनूर धरणावर पक्षी बघायला जातात. त्यांच्याकडे जुनी १०×५० दुर्बीण (दहा पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं) आहे, जवळपास किलोभर वजनाची. दोन वर्षांपूर्वी मानेचे मणके झिजल्याचं निघालं आणि डॉक्टरांनी गळ्यात वजन अडकवायचं नाही असं बजावलं. तेव्हापासून दुर्बीण कपाटात आहे. नाना जातात, बांधावर उभे राहतात, पाण्यावरचे काळे ठिपके बघतात आणि परत येतात. कोणते पक्षी होते म्हणून विचारलं की "होते बरेच" एवढंच म्हणतात. पूर्वी वही भरून यायची.

मला पगाराचा फरक मिळालाय. त्यातून त्यांना शर्टाच्या खिशात मावेल अशी दुर्बीण घ्यायची आहे. झाइस व्हिक्टरी पॉकेट ८×२५ किंवा स्वारोव्स्कीची सीएल पॉकेट ८×२५ मनात आहे. पुण्याच्या दुकानात विचारलं तर पाऊण लाखाच्या पुढचे आकडे सांगितले. तशाच आकाराची साधी ८×२५ आठ-दहा हजारांतही मिळते. पैसे द्यायची तयारी आहे, पण डोळ्याला खरंच फरक कळतो की नावाचेच पैसे? ज्यांनी दोन्ही वापरल्यात त्यांनी कृपया लिहा.

कळणाची_भाकरी | १२ नोव्हेंबर, रात्री ९:३१

ताई, इतला पैसास्मा ते दुभती म्हैस यी जाई! पण नानांसाठी घेताय म्हटल्यावर पुढे काही बोलत नाही. वाचतोय.

तापीकाठ (जळगाव) | १२ नोव्हेंबर, रात्री १०:०४

मी दोन्ही वापरल्या आहेत. सहा वर्षं साधी ८×२५ आणि गेली तीन वर्षं झाइसची पॉकेट. फरक कळतो का, तर हो, कळतो. मात्र भर दुपारी मेहरूण तलावावर उभं राहून दोन्हींतून बगळा बघितला तर म्हणाल, यात काय एवढं? तेवढ्या उजेडात साधी दुर्बीणही चांगलंच दाखवते.

फरक बघायचा असेल तर संध्याकाळी साडेपाचला चांगदेवच्या संगमावर या. सूर्य समोर, पूर्णा आणि तापीचं पाणी चकाकतंय, आणि त्या चकाकीत शेकाटे उभे. साध्या दुर्बिणीतून सगळं चित्र पांढुरकं होतं, ताकात पाणी घातल्यासारखं. पक्ष्याची नुसती काळी आकृती राहते. झाइसमधून त्याच क्षणी शेकाट्याचे गुलाबी पाय दिसतात आणि चोचीच्या टोकाला लोंबणारा पाण्याचा थेंबसुद्धा दिसतो. पैसे जातात ते त्या थेंबासाठी.

दुसरं म्हणजे चित्राची रुंदी. झाइसमध्ये हजार मीटरवर १३० मीटर रुंदीचा पट्टा एका वेळी दिसतो आणि कडेपर्यंत बराच स्पष्ट असतो. माझ्या जुनीत मधलं ताटलीएवढं स्पष्ट, बाकी सगळं पुसल्यासारखं.

वजन २९० ग्रॅम. नानांच्या मानेला समजणारही नाही. मी तरी म्हणेन, घ्या.

भिंगवाला (धुळे) | १२ नोव्हेंबर, रात्री ११:२०

तापीकाठ दादांचा अनुभव खरा आहे, पण सल्ला मला पटत नाही.

पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या गोलाची जाडी मिळते. ८×२५ ची ३.१ मिलिमीटर येते. आपली बाहुली दिवसा दोन-तीन मिलिमीटर असते, म्हणून दुपारी काही कमी पडत नाही. पहाटे बाहुली मोठी होते आणि ३.१ अपुरे पडतात. हा हिशोब ऐंशी हजारांच्या दुर्बिणीलाही चुकत नाही. कंपनीने कितीही भारी काच घातली तरी २५ मिलिमीटरच्या भोकातून २५ मिलिमीटरचाच उजेड आत येणार. हतनूरला पक्षी बघायची खरी वेळ कोणती? उजाडताना.

या छोट्या दुर्बिणींत छताच्या आकाराचं प्रिझम असतं. त्यात प्रकाशाचे दोन भाग होऊन वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि पुन्हा एकत्र होतात. ते दोन भाग नीट जुळावेत म्हणून प्रिझमवर जो पातळ थर देतात, ते फेज कोटिंग. ते नसेल तर बारीक रेघा धूसर होतात. स्वस्त दुर्बिणी इथेच मार खातात. पण हे कोटिंग आता मधल्या किमतीतही मिळतं. निकॉनची मोनार्क एम७ ८×३० बघा: पट्टा १४५ मीटरचा, म्हणजे तापीकाठ दादांच्या झाइसपेक्षा रुंद. प्रकाशाचा गोल ३.८ मिलिमीटर. वजन पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास, पैसे निम्म्याहून कमी. शर्टाच्या खिशात मावत नाही एवढंच.

तापीकाठ | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

"एवढंच" कसं, भिंगवाला? प्रश्नच मुळी त्याचा आहे. खिशात मावते म्हणून माझी दुर्बीण दूध आणायला जातानाही सोबत असते. मोठी होती तेव्हा रविवारीच बाहेर निघायची. गेल्या वर्षी कॉलनीच्या मागच्या लिंबावर नवरंग बसलेला दिसला तो हातात दुधाची किटली असताना.

रावेरचा_केळीवाला | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:१२

मी पक्षीमित्र वगैरे नाही. मळ्यात रोही (नीलगायी) घुसले का, रानडुकरं कुठून येतात, हे बघायला दुर्बीण लागते. यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या बागेत बिबट्याही असतो, त्यामुळे आत शिरण्याआधी बांधावरून एकदा सगळं न्याहाळून घेतो.

पहिली दुर्बीण सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली. भिंगं लालभडक, वर छापलेलं ५०×५०. घरी येऊन बघतो तर सगळं जग हिरवट आणि हालतंय. दुसरी साधी ८×४०, तिरप्या खांद्याची जुन्या धाटणीची. ती अकरा वर्षं चालली आहे. रबरावर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत, ते काही केल्या जात नाहीत, पण भिंग स्वच्छ आहे. त्या धाटणीच्या प्रिझमला फेज कोटिंग लागतच नाही म्हणे, म्हणून कमी पैशात चांगली येते. भिंगवाला सांगतील खरं-खोटं.

भिंगवाला | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

शंभर टक्के खरं. दहा हजारांच्या आत घ्यायची तर तुमच्यासारखी तिरप्या खांद्याचीच घ्यावी. आणि ती लाल भिंगं कोणीही घेऊ नका. लाल रंग परत फेकला जातो, म्हणून चित्र हिरवट दिसतं.

शहादेकर | १३ नोव्हेंबर, दुपारी १:२५

थोडं विषयाला सोडून, पण दुर्बिणीबद्दलच.

आमच्या शहाद्याजवळच्या जंगलात २५ नोव्हेंबर १९९७ ला रानपिंगळा हे छोटं घुबड पुन्हा सापडलं. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. ११३ वर्षं! पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघं अमेरिकन पक्षी अभ्यासक शोधायला आले होते. मधल्या काळात १९१४ ची गुजरातेतली एक नोंद होती, पण तो नमुना म्हणजे संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला, हे रासमुसेनबाईंच्या लक्षात आलं. ती खोटी नोंद बाजूला केली आणि जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या, तेव्हा वाट खानदेशात आली.

हे सांगायचं कारण असं की रानपिंगळा आणि गावातला साधा पिंगळा नुसत्या डोळ्यांनी सारखेच वाटतात. साध्या पिंगळ्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच, पाय जाड पांढऱ्या पिसांनी झाकलेले, शेपटीवर रुंद पट्टे. तोरणमाळच्या वाटेवर मी एकदा सागाच्या निष्पर्ण फांदीवर पिंगळा बघितला, सकाळी नऊला. माझ्याकडे स्वस्तातली ८×२१ होती. डोक्यावर ठिपके आहेत की नाहीत, ते कळेचना. ठिपके असल्यासारखेही वाटत, नसल्यासारखेही. दोन मिनिटं बघितलं, उडाला. आजही मला माहीत नाही की मी रानपिंगळा बघितला की नाही. नंतर चार वेळा त्याच वळणावर जाऊन आलो.

तो दिवसा फिरणारा पक्षी, उजेड भरपूर होता. म्हणजे भिंगवाला म्हणतात तो उजेडाचा प्रश्न तिथे नव्हता. चांगली ८×२५ असती तरी उत्तर मिळालं असतं.

पाटणादेवी (चाळीसगाव) | १३ नोव्हेंबर, दुपारी २:०२

शहादेकर, वाचून हळहळ वाटली. याच हिवाळ्यात जाऊया, माझी दुर्बीण घेऊन.

डोळस (नेत्रतपासनीस, धुळे) | १३ नोव्हेंबर, रात्री ८:४५

ताई, दुर्बिणीचं नंतर बघू. नानांचे डोळे शेवटचे कधी तपासले?

वय ६६. या वयात मोतीबिंदू असण्याची शक्यता बरीच, आणि तो इतका हळू वाढतो की माणसाला जाणवत नाही. पाण्यावरची चकाकी डोळ्यांवर येणं, रंग पिवळट दिसणं, लांबचं धुकट होणं ही त्याचीच लक्षणं. डोळ्यातलंच भिंग गढूळ झालं असेल तर बाहेर झाइस लावा नाहीतर यात्रेतली लावा, फार फरक पडणार नाही.

आणि नाना चष्मा लावतात का? लांबच्या नंबरचा चष्मा असेल तर दुर्बिणीच्या मागच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, हे अंतर महत्त्वाचं. चष्मेवाल्याला १६ मिलिमीटरच्या आसपास हवं. स्वस्त छोट्या दुर्बिणींत ते पुष्कळदा ११-१२ असतं, मग किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं होतं. महाग छोट्या दुर्बिणीची चष्मेवाल्यांसाठी सगळ्यात मोठी सोय हीच, आणि ती अजून कोणी लिहिली नाही.

भिंगवाल्यांच्या गणितातही एक भर. साठीनंतर बऱ्याच जणांची बाहुली अंधारातही चार-पाच मिलिमीटरच्या पुढे उघडत नाही. म्हणून नानांना ८×४२ चा सव्वापाच मिलिमीटरचा गोल पूर्ण वापरताच येणार नाही. ३.८ त्यांना पुष्कळ झाला.

सातपुड्याची_लेक | १३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

चष्मा आहे, लांबचा आणि जवळचा दोन्ही. डोळे तपासून चार वर्षं तरी झाली असतील. डोळसदादा, तुमचं वाचल्यावर मला आठवलं की हल्ली रात्री समोरच्या गाडीचा उजेड सहन होत नाही म्हणून नाना मित्राला लवकर निघू म्हणतात. मला वाटायचं थंडीमुळे. उद्याच घेऊन जाते.

तोरणमाळ_वारी | १४ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मानेचं दुखणं मलाही आहे, म्हणून लिहितो. गळ्यातला पट्टा फेकून द्या आणि खांद्यांवरून पाठीमागे फुली होऊन येणारा पट्टा घ्या, शाळेच्या दप्तरासारखा. वजन खांद्यांवर जातं, मानेवर शून्य. मी ८×४२, सहाशे ग्रॅमच्या पुढची, यशवंत तलावाभोवती तीन तास घेऊन फिरतो.

शिवाय फार हलकी दुर्बीण हातात जास्त थरथरते. थोडं वजन असलं की हात स्थिर राहतो. नानांच्या १०×५० मधला दहाचा आकडाही सोडा. पट जेवढी जास्त, तेवढी थरथर जास्त दिसते. आणि मे महिन्यात आपल्याकडे जमिनीवरून वाफा उठायला लागल्या की दहा पटीत काय, नुसतं पाणी हलल्यासारखं दिसतं.

कळणाची_भाकरी | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:००

मी हसत आलो होतो या धाग्यावर, आता आमच्या अण्णांचेही डोळे तपासायचं ठरवलंय. डोळसदादा, धन्यवाद.

मुक्ताईची_वाट | १४ नोव्हेंबर, रात्री १०:१८

एक सावधगिरीची गोष्ट. मागच्या वर्षी एका ऑनलाइन दुकानातून साडेतीन हजारांची छोटी दुर्बीण मागवली. दहा मिनिटं बघितलं की कपाळ दुखायचं. मला वाटलं सवय नाही म्हणून. दोन महिने तशीच वापरली. मग एका मित्राने विजेची तार बघायला सांगितली आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब न्यायला सांगितली. एक तार वर, एक खाली! दोन्ही नळ्या एका रेषेत नव्हत्या, आणि ते जुळवायचं काम मेंदू बिचारा दोन महिने करत होता. परत घेतली नाही त्यांनी, मुदत संपली म्हणाले. कोणतीही घ्या, महाग किंवा स्वस्त, पण पहिल्याच दिवशी तार बघा.

भिंगवाला | १४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

यात तापीकाठ दादांच्या बाजूने एक मुद्दा मीच देतो. महाग दुर्बिणीत नळ्यांची जुळणी पक्की असते आणि छोटासा धक्का बसला तरी सहज हलत नाही. हे काम हाताने तपासून होतं, त्याचे पैसे लागतात. आत नायट्रोजन भरून हवाबंद केल्यामुळे तापीच्या धुक्यात भिंगं आतून ओली होत नाहीत. पण हवाबंद असणं मधल्या किमतीतही मिळतं.

आणि सगळ्यांनाच: भिंगावरची धूळ गमछाने पुसू नका. आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक वाळू. आधी रबरी फुग्याने फुंका, मग मऊ कापड.

तापीकाठ | १५ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

मान्य, भिंगवाला. ताई, नानांचं ठरलं की मला कळवा. माझी झाइस घेऊन हतनूरला येतो. धागा वाचून दुर्बीण घेऊ नका, डोळ्याला लावून घ्या.

सातपुड्याची_लेक | २७ जानेवारी, रात्री ८:०५

धागा वर काढतेय. उशीर झाला, पण कारण चांगलं आहे.

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला निघाला, डाव्यात सुरुवात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उजव्याचं ऑपरेशन झालं. चार दिवसांनी सकाळी अंगणात उभे राहून नाना आभाळाकडे बघत होते. मला म्हणाले, "आभाळ इतकं निळं केव्हापासून झालं गं?" मग डावा डोळा झाकून बघितलं, उजवा झाकून बघितलं. डाव्याने अजून पिवळट, उजव्याने निळं. आईला बोलावून तिची साडी कोणत्या रंगाची आहे ते सांगितलं. तिने ती साडी तीन वर्षांपूर्वी घेतलेली, आणि नाना इतके दिवस तिला करडी समजत होते. ती जांभळी आहे.

धुळीत जायला डॉक्टरांनी सहा आठवडे बंदी घातली होती. ती संपल्यावर काल प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला आम्ही हतनूरला गेलो. तापीकाठ दादा झाइस घेऊन आले आणि भिंगवाला दादा धुळ्याहून पहाटे चारला निघून ८×३० घेऊन आले. दोघांचे आभार कसे मानू?

पावणेसातला पोचलो, अजून नीट उजाडलं नव्हतं. दोन्ही दुर्बिणी नानांच्या हातात दिल्या, किमती सांगितल्या नाहीत. आधी भिंगवाला दादांनी त्यांच्याकडून दोन डोळ्यांचा फरक जुळवून घेतला: डावा डोळा मधल्या चाकाने, मग उजवा उजव्या नळीच्या कड्याने. नाना म्हणाले, तीस वर्षं दुर्बीण वापरली, ते कडं कशासाठी असतं हे आज कळलं.

झाइसमधून बघताना पहिल्यांदा काळी सावली येत होती. डोळा अगदी मध्यावर ठेवावा लागतो, जरा सरकला की अंधार. दोन-तीन मिनिटांत जमलं. मग पलीकडच्या काठावरचा करडा पुंजका बघून ते गप्प झाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "डोक्यावर दोन काळे पट्टे. पट्टकादंब." आणि मोजायला लागले. सतरा.

आठ वाजेपर्यंत दोन्ही दुर्बिणी आलटून पालटून वापरल्या. उजाडण्याआधीच्या अर्ध्या तासात त्यांचा हात सारखा ८×३० कडे जात होता. नंतर ऊन आल्यावर मोठी लालसरी या बदकाच्या नराची चोच त्यांनी झाइसमधून बघितली आणि म्हणाले, ही लाल जास्त खरी आहे. हे दोन्ही जसंच्या तसं लिहितेय.

आता गंमत अशी की उजव्या डोळ्याला लांबचा नंबर जवळजवळ राहिलेला नाही. डाव्याचं ऑपरेशन उन्हाळ्याआधी करायचंय, मग लांबचा चष्माच सुटेल असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे डोळसदादांनी सांगितलेली चष्म्याची सोय, ज्यासाठी मी पाऊण लाख द्यायला निघाले होते, तिची गरजच उरली नाही. तोरणमाळ_वारी दादांनी सांगितलेला पाठीवरचा पट्टा लावून नाना चार तास फिरले, मान दुखली नाही.

८×३० घेतली. उरलेल्या पैशांतून डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होईल.

तापीकाठ | २७ जानेवारी, रात्री ८:३०

चांगली घेतली ताई, मनापासून सांगतो. पण संगमावरची संध्याकाळ अजून राहिली आहे.

डोळस | २७ जानेवारी, रात्री ८:५२

जांभळ्या साडीचं वाचून डोळे भरले. डाव्याला उशीर करू नका.

शहादेकर | २८ जानेवारी, सकाळी ९:१०

पाटणादेवी भाऊ, आपलं ठरलेलं आठवतंय ना? फेब्रुवारीत सागाची पानं गळाली की निघू. आणि नानांना यायचं असेल तर गाडीत जागा आहे.

सातपुड्याची_लेक | २८ जानेवारी, रात्री ९:४४

विचारलं. शहादेकर दादा, नानांनी वही काढून "ठिपके नाहीत, पाय पांढरे, शेपटीवर रुंद पट्टे" असं आधीच लिहून ठेवलंय. आणि तापीकाठ दादा, येत्या रविवारी संध्याकाळी पाचला चांगदेवला या. छोटी घेऊन या, नाना म्हणाले. आई कळण्याच्या भाकरी आणि भरीत घेऊन येणार आहे.